मोपा ते जळगाव: साइट म्हणते सव्वा तास, तिकीट म्हणतं पावणेदोन, खरं काय?

खान्देशी_पर्वरीत (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय. राहायला पर्वरी, नोकरी वेर्णा, गाव जळगावजवळ. आई-बाबांना पहिल्यांदाच विमानाने गोव्यात आणायचंय. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत, पाय दुमडून दीड तासाच्या वर बसले की सूज येते, म्हणून मी मिनिटांचा एवढा कीस पाडतोय, एरवी कोण बघतं.

तर एका अंतर सांगणाऱ्या साइटवर गोवा-जळगाव ६४६ किमी दाखवतंय, दुसरीवर ६०७. दोन्हीकडे विमानाचा वेळ सव्वा तासाच्या आसपास. तिकिटावर मात्र सुटायची नि पोचायची वेळ वजा केली तर पावणेदोन तासाच्या जवळ जातंय. हा अर्धा तास कुठून आला? आणि अंतर तरी नक्की कुठलं धरायचं? गाडीने आठशेच्या वर आहे ते मला पाठ आहे, दोन दिवाळ्यांना चालवत गेलोय आणि दोन्ही वेळा येताना शपथ घेतलीय की पुन्हा नाही.

बांदेकार (सोमवार, रात्री ९:५२)

आधी तिकिटार जीओएक्स असा की जीओआय तां बग. बाकीचो हिशोब मागसून.

खान्देशी_पर्वरीत (सोमवार, रात्री ९:५५)

जीओएक्स आहे. का?

वास्कोकार (सोमवार, रात्री १०:१०)

का म्हणून काय विचारतोस रे सायबा! जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्हीवर "गोवा" लिहिलेलं असतं आणि माणूस तेवढंच वाचतो.

मी जन्मापासून वास्कोत, विमानाच्या आवाजावरून घड्याळ लावायचो, त्यामुळे गोव्याचा एअरपोर्ट म्हटलं की माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. मोपावरून विमानं उडायला लागली जानेवारी २०२३ मधे, त्याच वर्षी साडू हैदराबादहून येणार होते. मी ऐटीत वीस मिनिटं आधीच दाबोळीला हजर. त्यांचा फोन आला, बाहेर आलोय, तुम्ही कुठे? मी म्हटलं गेटसमोर. ते म्हणाले मीही गेटसमोर. मी म्हटलं हात वर करा बघू. तर दोघंही आपापल्या विमानतळावर हात वर करून उभे, आणि टॅक्सीवाले आमच्याकडे बघतायत. शेवटी बायकोने तिकिटाचा फोटो उघडला. वास्कोहून मोपा साठ किलोमीटरच्या वर, झुआरीचा नवा पूल झाला होता म्हणून कुठ्ठाळीला सुटलो, पण पुढे पणजी, पर्वरी, म्हापसा जे लागायचं ते लागलंच. चूक सगळी माझीच, पण साडू अजून प्रत्येक लग्नात मला लांबून बघितलं की हात वर करतात.

भूगोलवाले_सर (मंगळवार, सकाळी ६:३५)

६४६ आणि ६०७ यातला फरक वास्कोकारांच्या गोष्टीतच आहे. पहिली साइट दाबोळीपासून मोजतेय, दुसरी मोपापासून. दाबोळी मोपाच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला सरळ रेषेत ४० किमीवर आहे आणि जळगाव उत्तरेला, म्हणून ते ४० बहुतेक सगळेच्या सगळे वाढतात.

साइटवर विश्वास नसेल तर वहीच्या मागच्या पानावर करून बघा, मी नववीच्या वर्गाकडून करून घ्यायचो. मोपा साधारण १५.७४ उत्तर अक्षांश, जळगावचा विमानतळ २०.९६. फरक ५.२२ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे अंदाजे १११ किमी, म्हणजे उत्तरेकडे सुमारे ५७९. रेखांश ७३.८६ आणि ७५.६३, फरक १.७७. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून वर सरकताना आकसत जातो, आपल्या या पट्ट्यात तो १०५-१०६ किमी भरतो, म्हणजे पूर्वेकडे १८७. आता काटकोन त्रिकोण, पायथागोरस लावा, कर्ण ६०८ येतो. साइट ६०७ म्हणते. पृथ्वी गोल असल्याबद्दल एक किलोमीटर सोडून द्या.

हे झालं सरळ अंतर. वेळेचं मला विचारू नका, मी आयुष्यात विमानात तीनदा बसलोय आणि तीनही वेळा झोपलो.

खान्देशी_पर्वरीत (मंगळवार, सकाळी ८:०५)

सर _/\_ ऑफिसच्या बसमधे बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केलं, ६०८ आलं! अंतर मिटलं. आता वेळ. ६०८ किलोमीटरला पावणेदोन तास म्हणजे ताशी साडेतीनशे पण होत नाही, एवढ्या हळू विमान चालतं?

रॅम्पवरचा (मंगळवार, दुपारी १:२०)

लंच ब्रेक आहे म्हणून सविस्तर लिहितो. काही वर्षं ग्राउंड हँडलिंगमधे काढलीत, कुठे ते जाऊ दे.

पहिलं म्हणजे त्या अंतरवाल्या साइटींचा "फ्लाइट टाइम" हा कुठल्याही विमानाचा टाइम नसतो. अंतर घ्यायचं, ताशी ८०० किमीने भागायचं, वर चढण्या-उतरण्याची म्हणून अर्धा तास मिळवायचा, झालं. ६०७ भागिले ८०० म्हणजे ४५ मिनिटं, अधिक ३०, सव्वा तास. तुझं उत्तर आलं की नाही? त्या साइटीला मोपावर कुठलं विमान उभंय याच्याशी काही देणंघेणं नाही. गंमत म्हणून तिथे दाबोळी ते मोपा टाकून बघ, ४० किलोमीटरला तेहेतीस मिनिटं सांगेल, असं विमानच नाही तरी.

दुसरं, हे ८०० जेटचं आहे. एअरबस ए३२० वगैरे वर गेली की सव्वाआठशेच्या आसपास पळते. जळगावला जेट जात नाही, जातं एटीआर ७२, पंख्याचं. फ्लाय९१ जी इथली गोव्याचीच कंपनी आहे, मार्च २०२४ पासून उडतेय, त्यांच्याकडे एटीआर ७२-६०० आहेत. त्याचा क्रूझ, म्हणजे वर सरळ उडतानाचा वेग, २७५ नॉटच्या आसपास म्हणजे ताशी ५१० किमी धर. उंची पण जास्तीत जास्त २५ हजार फूट, छोट्या अंतराला त्याच्याही खालीच. आणि जळगावची धावपट्टी १,७०० मीटरच्या आसपासची, मोपाची ३,५०० ची. एटीआर हजार-तेराशे मीटरमधे काम भागवतं, म्हणून असल्या गावांना विमान दिसतं तरी, नाहीतर कोण येणार होतं.

तिसरं, आणि लोकांना हेच माहीत नसतं. तिकिटावरचा वेळ हवेतला नाही. विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा तो वेळ, आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात इकडे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पुढे कोणी असेल तर थांबणं, तिकडे उतरून परत रांगणं सगळं आलं. वर कंपनी थोडी हातची मिनिटं ठेवते कारण उशीर लागला की तिचा हिशोब बिघडतो.

आता जोड. सरळ ६०७, पण विमान सरांच्या कर्णावरून जात नाही. आकाशात ठरलेल्या वाटा आहेत, त्यात मोपाची नि जळगावची दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम पडलेल्या आणि जायचंय उत्तरेला, म्हणजे उडून वळा, उतरायच्या आधी परत वळा. ६४०-६५० धर. क्रूझने सव्वा तास आणि वर थोडं, चढताना स्पीड कमी त्याची सात-आठ मिनिटं, दोन्हीकडचं रांगणं दहा-पंधरा. दीड तासाच्या वर गेलंच की नाही. पावणेदोन मधे काही खोट नाही.

म्हापशेकर_७७ (मंगळवार, दुपारी २:४५)

हे पटलं पण मग मला सांगा मोपा-मुंबई अंतर चारशेच्या आत, विमान चांगलं एअरबस, तरी तिकिटावर सव्वा तास, कधी त्याच्याही वर. तिथे तर पंखा नाही!

रॅम्पवरचा (मंगळवार, दुपारी ३:१०)

मुंबई सोडून बोला हो. मोपा-मुंबई सरळ ३८५ च्या जवळ आहे, दाबोळीहून सव्वाचारशे. हवेतला खरा वेळ पाऊण तासाच्या आसपास बसतो. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेद देतात, म्हणून एका वेळी एकच कामाला येते, आणि सगळ्या देशाची विमानं तिथेच उतरायला बघतात. समुद्रावर घिरट्या घालायला लावतात. कंपन्यांनी ती घिरटी वेळापत्रकातच घालून ठेवलीय. एखाद्या दिवशी लवकर जागा मिळाली की वीस मिनिटं आधी उतरतं आणि एअर होस्टेस अभिमानाने घोषणा करते.

दुसरं असं की अंतर कमी असलं की जेटची मजाच संपते. मोपा-पुणे घे, ३१४ किमी, पुणे तर जवळपास नाकासमोर उत्तरेला, रेखांश तोच. जेट वर चढून सरळ होतंय तोवर खाली यायची वेळ. तिथे एटीआर आणि जेट यांच्यात फार तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक राहतो. सोलापूर त्याहून थोडं कमी, ३०४ च्या आसपास, तिथे एटीआर तास-सव्वा तासात टेकतं. जळगाव दुप्पट लांब आहे म्हणून तिथे पंख्याचा फरक डोळ्यात भरतो, इतकंच.

वारा पण आहे. समोरून ताशी ५० चा वारा आला तर एटीआरचा दहावा हिस्सा स्पीड गेला, जेटला तेवढं वाटत नाही. म्हणून जाताना आणि येताना वेळ सारखा धरू नये.

मडगांवची_सुलू (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

एवढा सगळा हिशेब करण्यापेक्षा गोवा एक्सप्रेसने का नाही आणत? वास्कोहून दुपारी सुटते, मडगाव, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड करत थेट जळगावला जाते. बदलायचं नाही काही नाही. मंगलाही आहे कोकण रेल्वेवरून, पनवेल-कल्याण-नाशिक करत जळगाव. बाबांना बर्थवर आडवं व्हायला मिळेल, पाय लांब. विमानात कुठे मिळतं ते.

खान्देशी_पर्वरीत (मंगळवार, सायंकाळी ७:१५)

सुलूताई, गोवा एक्सप्रेसनेच गेली सहा वर्षं येतायत ते. वीस तासांच्या वर जातात. पाय लांब होतो हे खरं पण बाबांना आता वरच्या पायऱ्या चढून डब्यात शिरणं हेच जड आहे, जळगावला गाडी काही फार वेळ थांबत नाही, मागच्या वेळी आईने बॅगा आत टाकल्या नि बाबांना दोन पोरांनी खाली धरून वर लोटलं. नंतर आई फोनवर रडली. आणि मंगला मडगावला भलत्या वेळी येते, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळंच असतं. म्हणून विमान.

मडगांवची_सुलू (मंगळवार, सायंकाळी ७:२२)

अरे हो, हे लक्षातच नाही आलं. सॉरी. मग विमानच बरं.

पण एटीआरला पण जिना असतोच ना?

रॅम्पवरचा (मंगळवार, रात्री ९:००)

असतो, पण बुटका. एटीआर मुळातच जमिनीला टेकल्यासारखं उभं राहतं, त्याचं दार मागे शेपटीकडे आणि तेच दार खाली पडून त्याचा जिना होतो. चार-पाच पायऱ्यांचं काम. जेटच्या शिडीशी तुलनाच नाही. तरी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेव, ऐनवेळी काउंटरवर नको.

सीटचं आता नीट ऐक. दार मागे असल्यामुळे मागच्या ओळीतले लोक आधी उतरतात, एक नंबरच्या ओळीचे शेवटी. लोक हौसेने पुढची सीट घेतात नि मग सगळ्यांच्या पाठी उभे. बाबांना मागच्या ओळींत बसव, आतलं चालणं वाचेल. इकडे दोन तिकडे दोन अशा सीट असतात, मधली सीट हा प्रकार नाही. गुडघा उजवा म्हणालास ना, तर डाव्या बाजूची, वाटेला लागून असलेली सीट घे. म्हणजे वाट त्यांच्या उजव्या हाताला येईल आणि तो पाय अधूनमधून वाटेत लांब करता येईल. उजव्या बाजूला बसवलंस तर उजवा पाय आईच्या अंगावर.

वरचे कप्पे लहान असतात, चाकाची मोठी बॅग आत जात नाही, ती खालूनच काढून घेतात. औषधं हातातल्या पिशवीत ठेवायला सांग.

खान्देशी_पर्वरीत (मंगळवार, रात्री ९:१२)

काय भो, एवढं कोण सांगतं! सीट बदलली आत्ताच. आधी दुसऱ्या ओळीत उजवीकडे घेतली होती, अगदी उलटी.

खिडकीवाली (मंगळवार, रात्री ११:०५)

आईंना खिडकी द्या मात्र!! मी आत्ता नकाशावर पट्टी ठेवून बघितलं, मोपा ते जळगाव सरळ रेष मारली तर कसली भारी रेष आहे माहितीये? कोल्हापूरच्या डोक्यावरून जाते, मग कऱ्हाड डावीकडे टाकून बारामती, भिगवण म्हणजे उजनीचं पाणी, नगर डाव्या हाताला राहतं, पुढे जायकवाडीचा नाथसागर, मग छत्रपती संभाजीनगर, मग अजिंठ्याचे डोंगर उजवीकडे आणि उतरलंच जळगाव. अख्खा घाटमाथा नि अख्खं पठार एका रेषेत. विमान तंतोतंत तिथूनच जाईल असं नाही, ते रॅम्पवरच्यांनी सांगितलंच, पण एटीआर खालून उडतं त्यामुळे दिसतं खूप. मी पुण्याला एटीआरने गेले होते डिसेंबरात, खाली उसाचे तुकडे नि शेततळी चमकताना मोजता येत होती. जेटमधून हे सगळं नुसतं तपकिरी दिसतं.

पंख चढवलेत वरती, त्यामुळे खिडकीतून खाली बघताना आड येत नाहीत. फक्त पंख्याच्या रेषेतली सीट नको, फार घरघर.

पेडणेकर (बुधवार, सकाळी ७:२५)

पर्वरीहून मोपाला अंतर तीसेक किलोमीटर आहे पण अंतरावर जाऊ नका, पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामाने काय होतं ते तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत. धारगळला हायवे सोडून विमानतळाचा नवा रस्ता पकडला की पुढचं पाच-सात मिनिटांत. आमच्या गावच्या पठारावर विमानं उतरतात हे अजून आमच्या आजीला खरं वाटत नाही, ती म्हणते तिथे काजू होते.

पावसाळ्यात आणणार असाल तर एक दिवस हाताशी ठेवा. जुलैत पठारावर असा पाऊस नि ढग उतरतात की समोरची झाडं दिसत नाहीत, विमान डोक्यावर फिरत राहतं आणि कधी दुसरीकडे जातं. तेव्हा तुमचा पावणेदोन तास राहिला बाजूला.

वास्कोकार (बुधवार, सकाळी ७:५०)

म्हणून म्हणतो दाबोळी बरी होती. शहराजवळ, समुद्राजवळ, पणजी-मडगाव दोघांना मध्ये.

पेडणेकर (बुधवार, सकाळी ७:५८)

दाबोळी बरी होती वास्कोवाल्यांना! नौदलाचा तळ आहे तो, आठवड्यातले पाच दिवस सकाळी त्यांचा सराव, त्या वेळात नागरी विमानांना जागा नाही. मोपा चोवीस तास उघडं.

बांदेकार (बुधवार, सकाळी ८:१५)

आमका बांद्यावाल्यांका मोपाच बरां. पंधरा-वीस मिनटांत पोचतंव. चिपी आमच्या जिल्ह्यात, २०२१ क उघडला तेव्हा आमी ढोल वाजयले, पण आज मुंबयक जावचा झाला तर पाय गोयाकडे वळतत. चिपी-मोपा सरळ ४५ किलोमीटर, मोपा-दाबोळी ४०. नव्वदाच्या आत तीन विमानतळ, आणि कणकवलीसून कुडाळाक जाणारी एस. टी. अजून टायमार येणा नाय.

भूगोलवाले_सर (बुधवार, सकाळी ८:४०)

दाबोळी-मोपा-चिपी यावर वेगळा धागा काढा, हा जळगावचा आहे. मागच्या वेळी हा वाद दोनशे प्रतिसादांवर गेला होता आणि शेवटी माशांच्या भावावर आला होता.

म्हापशेकर_७७ (बुधवार, सकाळी १०:३०)

तिकिटाचं काय पडलं? आणि ती सरकारची स्वस्त विमानाची योजना, उडान, म्हणजे २,५०० रुपयांत ना सगळं?

रॅम्पवरचा (बुधवार, दुपारी १:१५)

सगळं नाही. उडान आली तेव्हा साधारण एक तासाच्या, पाचशे किमीच्या प्रवासाला २,५०० ची मर्यादा धरली होती, तीही विमानातल्या ठरावीक सीटींना. निम्म्याच्या आसपास सीट त्या भावाच्या, बाकीच्या बाजारभावाने. पुढे ते आकडेही वेळोवेळी सुधारले. आणि सगळे रूट उडानमधे नसतात. लवकर काढलं तर स्वस्त, हा एकच नियम कायम आहे.

दिवस मात्र बघून घ्या, असल्या रूटला रोज विमान असतंच असं नाही, आणि उन्हाळी-हिवाळी वेळापत्रक बदललं की वार पण बदलतात.

खान्देशी_पर्वरीत (बुधवार, दुपारी १:४०)

वार जुळवूनच काढलंय. २२ दिवस राहतील. आता आई विचारतेय वांगी किती आणू. भरताची. जळगावची भरताची वांगी ज्याने खाल्ली नाहीत त्याला मी काय समजावणार, इथे म्हापशाच्या बाजारात मिळतं ते वांगं भाजलं की नुसतं पाणी. चेक-इनला १५ किलो आहे तिकिटावर.

मडगांवची_सुलू (बुधवार, दुपारी २:०५)

१५ किलोत कपडे पण येतात हं भाऊ.

खिडकीवाली (बुधवार, दुपारी २:०६)

कपडे इथे मिळतात.

खान्देशी_पर्वरीत (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:२०)

मंडळी, आले! धागा वर काढतोय कारण बऱ्याच जणांनी व्यनित (खासगी निरोपात) विचारलं. बाबा निवृत्त झाले ते वीज खात्यातून, मीटर वाचायची सवय जात नाही, त्यांनी सगळ्या वेळा तिकिटाच्या मागे पेनने लिहून आणल्यात. जशाच्या तशा देतो.

दार बंद होऊन हललं ते चाक जमिनीवरून सुटेपर्यंत ९ मिनिटं. हवेत १ तास २४. चाक टेकून उभं राहीपर्यंत ५. एकूण १ तास ३८ मिनिटं. तिकिटावरच्यापेक्षा थोडं आधीच.

घर ते घर मात्र वेगळंच. तिकडे सोपं गेलं, जळगावचा विमानतळ कुसुंब्याला, गावाला लागूनच, काकांनी सोडलं दहा-पंधरा मिनिटांत, पण ते दोन तास आधी जाऊन बसले कारण आईला वाटलं विमान लवकर सुटलं तर. इकडे मोपाला बॅगा यायला वेळ, मग पर्वरीत अडकलो. घराचं कुलूप उघडलं तेव्हा त्यांना घर सोडून सव्वापाच तास झाले होते. त्यातला हवेतला सव्वा-दीड तासच काय तो. पण गुडघा ठीक! डावीकडची सीट, वाटेची, पाय बाहेर, तीनदा उठून उभे राहिले. जिना स्वतः चढले, कठड्याला धरून, व्हीलचेअरवाल्या पोराला म्हणाले तू फक्त मागे राहा.

आईला खिडकी मिळाली. ती म्हणते एक मोठं पाणी दिसलं, मग डुलकी लागली, मग दुसरं मोठं पाणी दिसलं आणि ते संपतच नव्हतं. पहिलं नाथसागर असेल, दुसरा समुद्र. तिला एकच तक्रार, शेगावला जायला याहून जास्त वेळ लागतो आणि तिथे निदान गाडीत चहा येतो.

भूगोलवाले_सर (सोमवार, सकाळी ६:१०)

१ तास २४ मिनिटांत ६०७, म्हणजे सरळ अंतराने ताशी ४३३. वडिलांना माझा नमस्कार सांगा. अशी नोंद ठेवणारा विद्यार्थी तीस वर्षांत दोनदा मिळाला.

रॅम्पवरचा (सोमवार, सकाळी ७:४५)

बघा, ५१० चं विमान आणि भरलं ४३३. वळणं आणि चढ-उतार तिथे गेले. येताना वारा कसा होता ते परतीच्या वेळी कळेल, बाबांना सांगा जातानाही लिहून ठेवा.

बांदेकार (सोमवार, सकाळी ८:०२)

तां सगळां ऱ्हवां दे. वांगी किती इली?

खान्देशी_पर्वरीत (सोमवार, सकाळी ८:३०)

काट्यावर बॅग १७ किलो भरली. आईने काउंटरसमोरच बॅग उघडली, बाबांचा स्वेटर नि दोन साड्या काढून अंगावर-हातावर घेतल्या आणि वांगी आत राहू दिली. सहा किलो आहेत. आज रात्री भरीत आहे, पर्वरीत कोणी जवळपास असेल तर व्यनि करा, भाकरी मात्र आपापली आणा, ज्वारीचं पीठ आणायचं राहिलं.